गेट संध्याकाळीच का रुसतं?

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास आमच्या सोसायटीचं गेट रुसायला लागलं, आणि तेही अगदी शिस्तीत. सकाळी कामावर निघालेली माणसं गाडीत बसल्या बसल्या रिमोटचं बटण दाबायची आणि गेट सरसर बाजूला व्हायचं. तीच माणसं संध्याकाळी साडेसातला परतली की भर रस्त्यात गाडी उभी करून बटण दाबत बसायची. मागून हॉर्न सुरू व्हायचे. शेवटी कुणीतरी खाली उतरून, गेटला जवळजवळ नाक लावून, देवाला ओवाळावं तसा रिमोट फिरवायचं. मग गेट हलायचं.

सगळ्यांनी सेल बदलले. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर निदानांचा पाऊस पडला. कुणाला नवा मोबाइल टॉवर संशयित वाटला, कुणाला दव. एकाने तर संध्याकाळी व्होल्टेज कमी असतं असं ठामपणे लिहिलं. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा दुपारी. दुपारी गेटने त्याच्यासमोर उत्तम वर्तन ठेवलं. जाताना तो "कार्ड बदलावं लागेल" असं सांगून गेला. त्या कार्डाची किंमत ऐकून खजिनदारांनी चहा अर्धाच ठेवला.

कार्ड ठीक होतं. पण ते ठीक आहे हे ठरवायचं कसं, हा खरा प्रश्न. पंखा बिघडला तर तो थांबलेला दिसतो आणि नळ बिघडला तर तो गळताना दिसतो. रेडिओ रिमोटमध्ये बटण आणि मोटर यांच्यामध्ये जे घडतं ते दिसत नाही, ऐकू येत नाही, हाताला लागत नाही. म्हणून मग आपण जे हाताशी आहे ते बदलतो: आधी सेल, मग रिमोट, मग कार्ड, आणि शेवटी दुरुस्तीवाला.

दोन जातींचे रिमोट

घरातला टीव्हीचा रिमोट आणि गेटचा रिमोट दिसायला भाऊ-भाऊ, पण जात वेगळी. टीव्हीचा रिमोट म्हणजे एक छोटी टॉर्च. तिचा प्रकाश अवरक्त असल्याने आपल्याला दिसत नाही, पण बहुतेक मोबाइलच्या कॅमेऱ्याला दिसतो. रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं की टोकाशी जांभळट ठिपका लुकलुकतो. प्रकाशच असल्यामुळे तो टीव्हीकडे रोखावा लागतो, आणि मध्ये कुणी उभं राहिलं की अडतो.

गेट, दुकानाचं शटर, गाडीची किल्ली, वायरशिवायची डोअरबेल ही मंडळी रेडिओलहरी वापरतात. त्या भिंतीतून, खिशातून, काचेतून बऱ्याच प्रमाणात पार होतात आणि कुणाकडे रोखाव्या लागत नाहीत. कॅमेऱ्याला मात्र त्या दिसत नाहीत, म्हणून मोबाइलची ती युक्ती इथे चालत नाही. शेतातला मोबाइलवर चालणारा पंपाचा स्टार्टर ही आणखी तिसरीच गोष्ट. त्याच्या पोटात सिमकार्ड असतं, आणि बिघाड पुष्कळदा रिचार्जमध्ये असतो.

आपल्याकडच्या बहुतेक गेट-रिमोटचं काम ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतं. म्हणजे रिमोटमधली वीज सेकंदाला ४३ कोटी ३९ लाख २० हजार वेळा पुढे-मागे होते. भारतात ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय वापरता येतो. सोय मोठी, पण सार्वजनिक नळासारखी. आपली बादली आणि शेजाऱ्याचा हंडा एकाच रांगेत.

बटणापासून मोटरपर्यंत

बटण दाबलं की रिमोटमधली एक चिप ठरावीक संकेत तयार करते. लहर बराच वेळ चालू ठेवली तर त्याचा अर्थ एक, थोडा वेळ ठेवली तर शून्य. अंधारात टॉर्चचं बटण लांब-आखूड दाबून खुणा कराव्यात, तसं. साध्या रिमोटमध्ये असे चोवीस लांब-आखूड ठोके असतात. एका प्रचलित चिपमध्ये त्यांतले वीस म्हणजे रिमोटचा स्वतःचा क्रमांक, आणि उरलेले चार कोणतं बटण दाबलं ते सांगतात. वीस ठोक्यांतून १०,४८,५७६ वेगवेगळे क्रमांक होतात. त्याआधीच्या काही रिमोटमध्ये आतल्या आठ इवल्या स्विचांवर क्रमांक ठरायचा आणि एकूण क्रमांक असायचे अवघे २५६. आपल्या रिमोटने पलीकडच्या गल्लीतलं शटर वर गेल्याच्या हकिकती त्या काळातल्या, आणि त्या सगळ्याच बाता नव्हत्या.

गेटच्या खांबावरच्या डबीत एक रिसीव्हर बसलेला असतो. तो चोवीस तास कान टवकारून हवेतली खरखर ऐकतो. त्या खरखरीत लांब-आखूड ठोक्यांची ओळखीची लय आली की तो क्रमांक तपासतो. एकदा जुळला म्हणून लगेच विश्वास ठेवत नाही. काही चिपा लागोपाठ तीन वेळा तोच संकेत आल्याखेरीज दार उघडत नाहीत. खात्री झाली की एक रिले 'टक्' करतो आणि तिथून पुढे मोटरचं राज्य सुरू होतं.

एवढीच साखळी: सेल, चिप, लहर निर्माण करणारा भाग, हवा, रिसीव्हरची तार, रिसीव्हर, रिले, मोटर. यातला कोणताही दुवा तुटला तरी गाडीत बसलेल्या माणसाला कळतं ते एकच: गेट उघडत नाही.

साखळी मधोमध तोडा

शोध सेलपासून सुरू करून एकेक दुवा तपासत पुढे जायचा, हा प्रामाणिक पण मंद मार्ग. जुने वायरमन असं करत नाहीत. ते साखळीच्या मध्यावर बोट ठेवतात आणि विचारतात, बिघाड अलीकडे की पलीकडे? एका प्रश्नात निम्मे संशयित सुटतात.

गेटच्या बाबतीत हा मध्य म्हणजे वॉचमनच्या केबिनमधलं बटण. ते वायरने थेट कार्डाला जोडलेलं असतं आणि रेडिओला वळसा घालतं. संध्याकाळी रिमोट चालत नसताना हे बटण दाबायचं. गेट उघडलं तर वीज, मोटर, दात्यांची पट्टी हे सगळं निर्दोष, आणि दोष रेडिओच्या बाजूला. नाही उघडलं, तर रिमोटचे सेल बदलणं म्हणजे पाय मोडलेल्याला चष्मा देणं.

आणखी एक खूण. गेट उघडतं पण बंद होत नाही, अशी तक्रार असेल तर रेडिओवर संशयच घेऊ नये, कारण संकेत तर पोहोचलेला आहे. अशा वेळी गेटच्या दोन खांबांवर समोरासमोर बसवलेले ते दोन काळे डोळे बघावेत. मध्ये माणूस किंवा गाडी असताना गेट बंद होऊ नये म्हणून ते असतात. कोळ्याने त्यांच्यावर जाळं विणलं, किंवा पावसाळ्यात वेल वाढून मध्ये आला, तर गेटला वाटतं कुणीतरी उभं आहे. आमच्याकडे एका पावसाळ्यात गोगलगाय उभी होती.

केबिनमधलं बटण चाललं, मग दुसरा प्रश्न: एकाच रिमोटचं दुखणं आहे की सगळ्यांचं? सोसायटीतले सत्तावीस रिमोट एकाच आठवड्यात बिघडत नाहीत. सगळ्यांचं दुखणं असेल तर दोष हवेत किंवा रिसीव्हरमध्ये. एकाचंच असेल तर त्याच्या हातात. हे इतकं उघड आहे की ते कुणी विचारत नाही. आमच्याकडेही विचारलं नाही, सत्तावीस सेल मात्र विकत घेतले.

सेल तपासताना होणारी फसगत

सेलवर एवढा राग धरू नये. एकट्या रिमोटचं दुखणं असलं तर पहिला संशयित तोच. पण तो तपासण्याची नेहमीची रीत फसवी आहे.

गेटच्या पुष्कळ रिमोटमध्ये बारा व्होल्टचा, करंगळीच्या पेराएवढा सेल असतो. तो खरं तर एक सेल नाहीच. वरचं पत्र्याचं कवच सोललं तर आत दीड-दीड व्होल्टच्या आठ चपट्या गोळ्या एकीवर एक रचलेल्या निघतात. (सोलू नका, मी सोलून पाहिलं आहे.) आठांतली एक सुकली तरी सगळ्यांची वाट तीच अडवते.

आता मल्टिमीटर लावला तर आकडा येतो साडेअकरा. आपण म्हणतो, सेल चांगला आहे. पण मल्टिमीटर सेलकडून जवळजवळ काहीच वीज मागत नाही. गच्चीवरची टाकी भरलेली आहे, पण पाइपात क्षार साचलेत, असं समजा. नळ बंद असताना पाइपात दाब पूर्ण असतो, आणि नळ सोडला की धार करंगळीएवढीच येते. सेल जुना झाला की त्याच्या आतला रोध असाच वाढतो. गाडीच्या किल्लीतला नाण्यासारखा तीन व्होल्टचा सेल घ्या. आतला रोध शंभर ओहमवर गेला आणि रिमोटने दहा मिलिअँपिअर मागितले, तर एक व्होल्ट सेलच्या पोटातच खर्च होतो आणि रिमोटला उरतात दोन. म्हणून मोजायचं ते बटण दाबून धरलेलं असताना. बटण दाबताच आकडा धाडकन खाली आला, तर तो सेल पाहुण्यांसमोर ठेवायच्या कपासारखा, फक्त दाखवायचा.

रिमोटवरचा लाल दिवाही असाच गैरसमज पसरवतो. तो लागला म्हणजे चिपपर्यंत वीज पोहोचली, एवढंच. लहर हवेत गेली की नाही याची त्याला खबर नसते. रिमोट जमिनीवर आपटून आतला डाग सुटला, किंवा लहरीची वारंवारता ठरवणारी क्वार्ट्झची चकती फुटली, तरी दिवा लागतच राहतो. बाजारातून आणलेला डुप्लिकेट रिमोट ३१५ मेगाहर्ट्झचा निघाला तरीही दिवा लागतो. रिमोट मराठीत बोलतोय की तमिळमध्ये, हे दिव्यावरून कळत नाही.

सतरा सेंटिमीटरची तार

रिसीव्हरच्या डबीतून एक साधी वायर लोंबत असते. कुठेच न जोडलेली, अर्धवट काम सोडल्यासारखी. हाच त्याचा अँटेना.

प्रकाश आणि रेडिओलहरी सेकंदाला सुमारे तीस कोटी मीटर जातात. या अंतराला ४३.३९ कोटी हेलकाव्यांनी भागलं की एका लहरीची लांबी येते ६९ सेंटिमीटर. तिच्या पावपट लांबीची तार, म्हणजे सुमारे १७.३ सेंटिमीटर, त्या लहरीला सगळ्यात चांगला प्रतिसाद देते. झोपाळ्याच्या दोराची लांबी त्याच्या हेलकाव्याची लय ठरवते, तसंच काहीसं.

साताऱ्याच्या एका मित्राच्या बंगल्यात नवा इलेक्ट्रिशियन आला. फार नेटका माणूस. त्याने ही लोंबती वायर पाहिली, बोटाभोवती गुंडाळली, चिकटपट्टी लावून डबीत सारली आणि डबी पत्र्याच्या पेटीत बसवली. रस्त्याच्या वळणावरून उघडणारं गेट दुसऱ्या दिवसापासून दहा पावलांवर आलं. तार गुंडाळली की तिची ती लय मोडते. आणि धातूच्या बंद पेटीत रेडिओलहर शिरत नाही, हे मायकेल फॅरेडेने १८३६मध्ये धातूने मढवलेली अख्खी खोली बांधून दाखवलेल्या तत्त्वामुळे. वायर पेटीबाहेर काढून सरळ सोडली आणि काम झालं. खर्च शून्य. मित्राला त्याचंच वाईट वाटलं.

इथे एक गंमत सांगून टाकतो. गाडी लांब आहे आणि किल्लीचा संकेत पोहोचत नाही, अशा वेळी किल्ली हनुवटीला टेकवून बटण दाबा. बऱ्याचदा गाडी प्रतिसाद देते. किल्लीतला अँटेना फार तोकडा असतो आणि डोक्यातलं पाणी त्याला हातभार लावतं. पाण्याने भरलेली बाटलीही हेच काम करते, त्यामुळे यात बुद्धीचा संबंध नाही.

| वायरमनला फोन करण्याआधी |
|---|
| केबिनमधल्या बटणाने गेट उघडतं का? नसेल, तर रेडिओचा विषय संपला. |
| एकच रिमोट रुसला आहे की सगळे? एकच असेल तर दुसऱ्याचा चालता सेल त्यात घालून पाहा. |
| किती पावलांवरून चालतो? आकडा लिहून ठेवा. 'कधी चालतो कधी नाही' ही तक्रार झाली, माहिती नव्हे. |
| केव्हा चालत नाही? वेळ, पाऊस, नवी वस्तू: जे बदललं ते आठवा. |
| 'लर्न' लिहिलेलं बटण उगाच दाबून धरू नका. बऱ्याच रिसीव्हरमध्ये ते आठ-दहा सेकंद दाबलं की सगळ्यांचे रिमोट विसरले जातात. |

पानं फाडायची दिनदर्शिका

क्रमांक कायमचा ठरलेला असेल तर कुणीही तो हवेतून टिपून पुन्हा वाजवू शकतो. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानात मिळणारे 'कॉपी रिमोट' नेमकं हेच करतात. म्हणून गाड्या आणि बरी गेटं दर वेळी बदलणारा संकेत वापरतात. त्यातून एक वेगळाच बिघाड जन्माला येतो, ज्यात काहीच बिघडलेलं नसतं.

दोन घरांत एकसारखीच, रोज पान फाडायची दिनदर्शिका आहे असं धरा. एक किल्लीच्या घरी, एक गाडीच्या घरी. बटण दाबलं की किल्ली एक पान फाडते आणि त्यावरचा गुप्त आकडा पाठवते. गाडी आपल्याकडचं तेच पान बघते, जुळलं की दार उघडते आणि आपलंही पान फाडते. मागचं पान कधीच मान्य होत नाही. म्हणून चोराने टिपलेला कालचा आकडा आज रद्दी.

आता किल्ली नातवाच्या हातात पडली. गाडी चार मजले खाली आणि नातू बटण दाबतोय. किल्लीची पानं फाटत गेली, गाडीची तशीच राहिली. ही शक्यता रचनाकारांनी धरलेली असते. कीलॉक नावाच्या फार वापरल्या गेलेल्या पद्धतीत साधारणपणे पुढच्या सोळा पानांपर्यंत गाडी निमूट स्वीकारते. त्याहून पुढे, सुमारे बत्तीस हजारांपर्यंत, ती सावध होते आणि लागोपाठची दोन पानं मागते. म्हणजे पहिल्यांदा दाबल्यावर काही होत नाही, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की उघडतं. 'आमची किल्ली दोनदा दाबावी लागली' यामागे कधी कधी एवढंच असतं. किल्लीची पुन्हा ओळख करून द्यायची वेळ आलीच, तर कृती त्या गाडीच्या किंवा गेटच्या पुस्तिकेत असते. ती पुस्तिका कुठे आहे हे मात्र कुठल्याच पुस्तिकेत नसतं.

गाडीच्या किल्लीत आणखी एक बारकावा आहे. इंजिन सुरू करायची परवानगी देणारी चिप बहुधा वेगळीच असते. ती सेलवर चालत नाही, इग्निशनजवळच्या कड्यातून तिला वीज मिळते. त्यामुळे दार रिमोटने उघडत नाही पण गाडी सुरू होते, असं असेल तर घाबरू नये. चोरांपासूनची सुरक्षा शाबूत आहे, बहुधा फक्त सेल संपलाय.

वरातीतली कुजबुज

आता आमच्या संध्याकाळकडे येतो. केबिनचं बटण चालत होतं. सगळेच रिमोट रुसले होते. सकाळी तीस पावलांवरून चालणारा रिमोट संध्याकाळी चार पावलांवर आला होता. म्हणजे दोष रिसीव्हरच्या बाजूला, आणि तोही वेळापत्रक पाळणारा. जळालेलं कार्ड घड्याळ बघत नाही.

रिसीव्हर ऐकतो म्हणजे काय करतो, हे इथे कामाला येतं. गल्लीत शांतता असेल तर या गॅलरीतून त्या गॅलरीत हळू बोललेलंही कळतं. खालून वरात आली, बँड सुरू झाला, की तोच आवाज कानाशी येऊन काढावा लागतो. बोलणाऱ्याचा घसा बसलेला नसतो आणि ऐकणाऱ्याचा कान फुटलेला नसतो. दोघांना तपासून डॉक्टर थकेल. बँड कुणी तपासत नाही.

आमच्या गेटच्या खांबावर गणपतीत मांडवासाठी एलईडीचा एक फ्लडलाइट बसवला होता. विसर्जनानंतर तो तसाच राहिला. उजेड छान पडतो म्हणून सगळे खूश होते. वॉचमन काका तो रोज सातला लावत, सकाळी बंद करत. रिसीव्हरची डबी त्याच्या खाली, हातभर अंतरावर.

एलईडी घरातल्या २३० व्होल्टवर थेट जळत नाही. त्याच्या पाठीतला ड्रायव्हर विजेचे सेकंदाला हजारो, कधी लाखभर तुकडे करून तिला हव्या त्या मापात आणतो. पद्धत चांगली आहे, वीज वाचते. पण हे तुकडे करणं म्हणजे करवतीने कापणं नव्हे, कुऱ्हाडीचे घाव असतात. स्टीलचं ताट फरशीवर पडलं की एकच सूर निघत नाही, खालपासून वरपर्यंत सगळे सूर एकदम निघतात. विजेच्या प्रत्येक फटक्यातून तशाच सगळ्या वारंवारतांच्या लहरी थोड्या थोड्या निघतात, त्यांत ४३३ मेगाहर्ट्झचीही. चांगल्या दिव्यात या लहरी आत अडवणारी वेटोळी आणि कपॅसिटर असतात. स्वस्त दिव्यात त्यांची जागा तेवढी रिकामी असते.

पण रिमोटला दिवा भारी कसा पडला? अंतरामुळे. समजा रिमोटची शक्ती दहा मिलिवॅट आहे (पुष्कळांची याहूनही कमी असते) आणि तो तीस मीटरवर आहे. दिवा अर्ध्या मीटरवर. अंतर साठपट, आणि लहरीची तीव्रता अंतराच्या वर्गाने घटते, म्हणजे ३,६०० पट. याचा अर्थ, दिव्यातून त्या अरुंद पट्ट्यात तीन मायक्रोवॅटही गळले, तर रिसीव्हरच्या कानाशी दिवा आणि रिमोट बरोबरीचे होतात. दिवा पन्नास वॅटचा होता. त्याच्या ताकदीचा सुमारे पावणेदोन कोटीवा हिस्सा गळायला पुरेसा होता. कानाशी गुणगुणणारा डास समोरच्या वक्त्याला हरवतो, तो असा.

ओहायोतलं एक प्रकरण

असा गोंगाट गावभर पसरला तर? अमेरिकेत २००४मध्ये फ्लोरिडातल्या एग्लिन हवाई तळावर नव्या बिनतारी यंत्रणेच्या चाचण्या सुरू झाल्या आणि आसपासच्या घरांच्या गॅरेजची दारं रिमोटला दाद देईनाशी झाली. दोन्ही ३९० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलत होते. तिथे कारण तरी लवकर सापडलं.

खरी रहस्यकथा २०१९ची, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडजवळच्या नॉर्थ ओल्मस्टेड गावची. एप्रिलच्या अखेरीपासून तिथल्या एका वस्तीत गाड्यांच्या किल्ल्या आणि गॅरेजचे रिमोट चालेनासे झाले. ठरावीक काही गल्ल्यांत, पण जवळजवळ सगळ्यांचेच. एकाचं दुखणं की सगळ्यांचं, या प्रश्नाचं उत्तर इथे आपोआप मिळालं होतं. अमेरिकेत गाड्यांच्या किल्ल्या मुख्यतः ३१५ मेगाहर्ट्झवर चालतात, आणि नेमक्या त्याच जागी कुणीतरी अखंड बोलत होतं. वीज कंपनीची माणसं यंत्रं घेऊन आली. जिथे संकेत जोरात होता तिथली वीज बंद करून पाहिली, तरी संकेत थांबेना. यातून एक गोष्ट मात्र पक्की झाली: तो जो कुणी आहे, तो सेलवर जगतोय.

अखेर मे महिन्यात नगर परिषदेचा एक सदस्य आणि काही जाणकार माग काढत एका घरापाशी पोहोचले. तिथल्या रहिवाशाला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद होता. वरच्या मजल्यावर कुणी असेल तर कळावं म्हणून त्याने स्वतः एक यंत्र बनवलं होतं. ते सेलवर चालायचं आणि सतत संकेत पाठवायचं. आपल्यामुळे शेजाऱ्यांची दारं अडली आहेत याची त्याला कल्पनाही नव्हती. सेल काढला आणि वस्ती पूर्ववत झाली.

आपल्याकडे याचीच छोटी आवृत्ती म्हणजे पर्समध्ये किंवा ड्रॉवरमधल्या फायलींखाली दाबलं गेलेलं बटण. तो रिमोट तिथून अखंड ओरडत राहतो आणि बाकी सगळ्यांचा आवाज बुडतो. सगळ्यांचेच रिमोट एकाएकी बंद पडले तर हीही शक्यता बघावी.

वीज गेली तेव्हा

आमच्याकडे वीज कुणी मुद्दाम बंद केली नाही. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी ती आपली आपण गेली. गेटला बॅटरीचा बॅकअप आहे, त्यामुळे ते जिवंत होतं. सगळीकडे अंधार, फ्लडलाइट बंद. तेवढ्यात बी विंगमधली एक गाडी कोपऱ्यावर वळली, आतल्या बाईंनी सवयीने बटण दाबलं आणि गेट लांबूनच उघडलं. वॉचमन काकांनी मला इंटरकॉमवरून नव्हे (तोही बंद), जिन्यातून हाक मारून सांगितलं, "साहेब, आत्ता बघा, अंधारात चालतंय."

ओहायोत वीज बंद करून संकेत थांबला नाही, इथे वीज गेली आणि थांबला. म्हणजे आमचा गुन्हेगार खांबावरून येणाऱ्या विजेवरच जगत होता. दुसऱ्या दिवशी एक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, मित्र लॅपटॉप आणि अंगठ्याएवढा यूएसबी डोंगल घेऊन आला. हा डोंगल मुळात संगणकावर टीव्ही बघण्यासाठीचा. २०१२च्या सुमारास हौशी लोकांच्या लक्षात आलं की तो टीव्हीखेरीज इतर पुष्कळ लहरीही ऐकू शकतो, आणि तेव्हापासून त्याचं टीव्हीचं काम सुटलं. पडद्यावर ४३३ मेगाहर्ट्झचा पट्टा निळाशार, शांत. कुणी रिमोट दाबला की पिवळी रेघ उमटे. काकांनी फ्लडलाइट लावला आणि सगळा पट्टा पिवळट गढूळ झाला. पिवळी रेघ पिवळ्यात हरवली. सत्तावीस फ्लॅटच्या लोकांना महिनाभर न दिसलेली गोष्ट तीन सेकंदांत दिसली.

दिवा बदलून बरा आणला आणि गेटच्या पलीकडच्या खांबावर, चार मीटर लांब नेला. अंतर आठपट म्हणजे उरलासुरला गोंगाट चौसष्टावा भाग. त्या संध्याकाळी सगळे कोपऱ्यावरून बटण दाबत आत आले. खजिनदारांनी कार्डाच्या वाचलेल्या पैशांत सर्वांना वडापाव दिला.

सगळे म्हणजे, एक सोडून. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी रात्री दारात उभे. त्यांचा रिमोट अजूनही तीनच पावलांवरून चालत होता. "सेलचं म्हणू नका," ते आधीच म्हणाले, "कालच नवा घातलाय." मल्टिमीटर लावला: अकरा पूर्णांक आठ. त्यांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग मी बटण दाबून धरायला सांगितलं, आणि आकडा सातवर घसरला. ते गप्प झाले, घरी गेले आणि पाच मिनिटांनी कचऱ्याच्या डब्यातून सेलचं पाकीट शोधून घेऊन आले. चष्मा कपाळावर चढवून आम्ही दोघांनी त्यावरची बारीक छपाई वाचली. सेल वापरण्याची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती.